घरच्या अंगणात मांसल पर्णगुच्छ वनस्पतींची बांधेसूद वाढ

नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून तुळशीवृंदावनाच्या आसपास कोरफडीची एखादी कुंडी हमखास दृष्टीस पडते. कित्येक घरांतून कोरफड मुळांसकट उपटून दारावर उलटी टांगण्याची चालही आहे. अशी टांगलेली कोरफड माती व पाणी यांवाचून काही महिने हिरवी राहते, इतकेच नव्हे तर तिचा शेंडा हळूहळू वरच्या दिशेस वळू लागतो. पानांत पाण्याचा साठा करून ठेवणाऱ्या वनस्पतींची जीवनशक्ती किती चिवट असते, हे यावरून सहज ध्यानात येईल. अलीकडील काही वर्षांत कोरफडीच्या जोडीला परदेशांतून आलेल्या तशाच मांसल पानांच्या अनेक वनस्पती शहरांतील रोपवाटिकांतून विक्रीस ठेवण्यात येत असून ग्राहक त्यांना सरसकट सक्युलंट या नावाने ओळखतात. त्यांपैकी ज्यांची पाने एकाच मध्याभोवती गुलाबाच्या पाकळ्यांप्रमाणे किंवा कोबीच्या गड्ड्याप्रमाणे रचलेली असतात, अशा वनस्पतींस या लेखात पर्णगुच्छ वनस्पती असे म्हटले आहे.

या वनस्पती मरत नाहीत, परंतु बिघडतात. आणि बहुतेक लोकांची निराशा होते ती येथेच. मार्गशीर्षात विकत आणलेला, मुठीएवढा घट्ट व कडा तांबूस असलेला गुच्छ श्रावण संपतासंपता वीतभर उंच, फिकट आणि विरळ पानांचा झालेला आढळतो. घरच्या शोभेपुरता हा प्रश्न किरकोळ मानता येईल. परंतु ज्या कुटुंबांनी अथवा महिला बचत गटांनी अशा रोपांची लहानशी रोपवाटिका घातली आहे, त्यांच्या दृष्टीने आकार हीच मालाची किंमत होय. येथे ग्राहक वजन किंवा उंची पाहत नाही. घट्टपणा, सारखेपणा आणि रंग पाहतो. लांबलेल्या रोपास गिऱ्हाईक मिळत नाही, आणि एकदा लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. म्हणून बिघाड झाल्यावर उपाय शोधण्यापेक्षा तो का होतो, हे आधी समजून घेणे अधिक फायद्याचे आहे.

लांबण्याचे कारण

टोमॅटोची रोपे ज्यांनी वाफ्यावर केली आहेत, त्यांना हे कारण वेगळे शिकविण्याची आवश्यकता नाही. बी दाट पडले की रोपे एकमेकांच्या सावलीत उंच, किडकिडीत व पिवळसर होतात आणि लावणीनंतर माना टाकतात. वनस्पतीस पुरेसा प्रकाश मिळाला नाही म्हणजे ती आपला सर्व अन्नसाठा खोड लांबविण्यात खर्च करते, जेणेकरून शेंडा उजेडापर्यंत पोहोचावा. पर्णगुच्छ वनस्पतींतही खोड असतेच, मात्र त्याची पेरे इतकी आखूड असतात की पाने एकावर एक बसल्यासारखी दिसतात. प्रकाश कमी पडला की हीच पेरे लांबू लागतात, पाने एकमेकांपासून दूर जातात, बाहेरची पाने खाली लोंबतात आणि गुच्छाचा घाट नाहीसा होतो. त्याच वेळी पाणी व नत्र भरपूर मिळत असेल तर लांबण्याचा वेग दुप्पट होतो. प्रकाश थोडा आणि खाणेपिणे मुबलक, हीच या वनस्पतींच्या बिघाडाची खरी जोडगोळी होय.

याउलट प्रकाश भरपूर, पाणी बेताचे व रात्री थंड असल्या म्हणजे वाढ सावकाश होते, पाने जाड व आखूड राहतात आणि पानांच्या कडांवर तांबडा रंग चढतो. नाशिकचा हिवाळा या दृष्टीने फार अनुकूल आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील या पठारावर कार्तिक ते माघ या काळात दुपारी चांगले ऊन व रात्री थंडी असते. निफाडच्या परिसरात तर काही वर्षी किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. द्राक्षबागेस ज्या थंडीची धास्ती वाटते, तीच थंडी, कुंडीतील माती कोरडी असेल तर, या वनस्पतींना रंग चढविते.

कोणत्या वनस्पती निवडाव्यात

कोरफड सर्वांच्या परिचयाची आहे व आरंभ करणाऱ्याने तीवरच हात बसवावा. घायपात, म्हणजे शेताच्या बांधावर कुंपणासाठी लावतात ती काटेरी वनस्पती, मूळची मेक्सिकोतील असून तिच्या बुटक्या जाती कुंडीत चांगल्या शोभतात; मात्र तिच्या रसाने त्वचेस खाज सुटते आणि टोकाचा काटा लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो, हे विसरू नये. घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलल्यावर तो गुच्छ मरतो.

हावर्थिया ही दक्षिण आफ्रिकेतील लहान चणीची वनस्पती होय. तिची पाने टोकदार, गर्द हिरवी व कित्येक जातींत पांढऱ्या ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची असतात. तिला इतरांपेक्षा कमी उन्हात भागते, म्हणून घराच्या ओट्यावर व खिडकीत ठेवण्यास हीच सर्वांत सोयीची. ज्या घरी उघडे अंगण नाही तेथे दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीचा आग्रह धरू नये.

एचेव्हेरिया ही मुख्यत्वे मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील वनस्पती. तिला हे नाव डी कँडॉल या शास्त्रज्ञांनी १८२८ साली आतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन वनस्पती-चित्रकाराच्या सन्मानार्थ दिले. गुलाबासारखा खरा गुच्छ पाहावा तर हिचाच, आणि बाजारात मागणीही हिलाच अधिक. परंतु बिघडण्यातही तिचाच पहिला क्रम लागतो. पुढील विवेचन विशेषतः तिला उद्देशून आहे. हावर्थिया व कोरफड यांस तेच नियम थोड्या सौम्यपणे लागू करावेत. युरोपातील पर्वतांवर वाढणारी सेम्परव्हायव्हम ही वनस्पती चित्रांत फार मोहक दिसते, पण आपल्या वैशाखाच्या उन्हाळ्यात तिचा टिकाव लागणे कठीण असल्याने तिच्यावर पैसा घालू नये.

सह्याद्रीच्या कड्यांवरून अशा वनस्पती उपटून आणण्याचा मोहही टाळावा. शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राखेरीज जगात अन्यत्र कोठेही निसर्गतः न आढळणारी मांसल वनस्पती काही मोजक्या कड्यांवरच शिल्लक राहिली आहे. ती पर्णगुच्छ प्रकारची नसली तरी अजाण संग्राहकाच्या हाती कड्यावरील सर्वच वनस्पतींचे सारखेच नुकसान होते.

कुंडी कोठे ठेवावी

एचेव्हेरियास दररोज निदान चार ते सहा तास थेट ऊन मिळावे. सकाळचे ऊन सर्वांत उत्तम, म्हणून पूर्वेकडील ओटा किंवा गच्चीचा पूर्व कठडा ही पहिली पसंतीची जागा होय. केवळ उजेड आणि प्रत्यक्ष ऊन यांतील भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. माणसास ज्या खोलीत वर्तमानपत्र सहज वाचता येते, ती खोली या वनस्पतीच्या दृष्टीने बहुधा अंधारीच असते.

ऋतूप्रमाणे सूर्याची दिशा बदलते याचा विचार फारसा कोणी करीत नाही. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असून क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ४७ अंश असते. त्यामुळे दक्षिणाभिमुख पडवीत ऊन आतपर्यंत शिरते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. या दोन महिन्यांत दक्षिणेकडील पडवीत दुपारचे ऊन मुळीच येत नाही. त्यातच जूनच्या मध्यापासून आकाश ढगांनी भरते. हिवाळाभर जेथे झाड उत्तम वाढले तेथेच ते आषाढात लांबू लागते, त्याचे कारण हे आहे. मालकाने जागा बदलली नाही, परंतु सूर्याने बदलली. म्हणून अक्षय्यतृतीयेच्या सुमारास एकदा व दसऱ्याच्या सुमारास एकदा, अशी वर्षातून दोन वेळा कुंड्यांची जागा तपासून बदलावी.

एप्रिल व मे महिन्यांत उघड्या गच्चीवरील दुपारचे ऊन मात्र सहन होत नाही. तापलेली फरशी आणि पत्र्याची धग यांमुळे पानांवर तपकिरी डाग पडतात व ते पान गळेपर्यंत जात नाहीत. या काळात ५० टक्के सावली देणारी हिरवी अथवा पांढरी जाळी सकाळी अकरा ते चार या वेळेपुरती ताणावी. कुंड्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर वा विटांवर ठेवाव्यात, म्हणजे खालून हवा खेळते. सावलीत वाढलेले रोप एकदम कडक उन्हात मांडणे हे तर सर्वांत वाईट. नवीन रोप आणल्यावर पहिला आठवडा केवळ दोन तास, दुसरा आठवडा तीन-चार तास, असे क्रमाने ऊन वाढवावे. नर्सरीच्या जाळीतून आलेले रोप पहिल्याच दिवशी करपले, अशा तक्रारीच्या मुळाशी बहुधा हीच घाई असते.

प्रत्येक कुंडी आठवड्यातून एकदा पाव फेरा फिरवावी. गुच्छ उन्हाच्या दिशेस झुकतो. न फिरविल्यास एका बाजूची पाने लांब व दुसऱ्या बाजूची आखूड राहून रोप वाकडे होते. हे काम क्षुल्लक वाटले तरी विक्रीच्या रोपांत त्याचे मोल कळून येते.

माती नव्हे, खर

काळ्या मातीवर नाशिकच्या शेतकऱ्याचा मोठा विश्वास असतो. परंतु कुंडीतील मांसल वनस्पतीस काळी माती म्हणजे संकट होय. ती पाण्याने फुगते, दिवसेंदिवस ओली राहते आणि वाळल्यावर दगडासारखी होऊन मुळे तोडते. या वनस्पती मूळच्या खडकांच्या फटींतील असल्याने मुळांस पाण्याइतकीच हवेची गरज असते.

मिश्रणासाठी लागणारे बहुतेक पदार्थ जिल्ह्यातच अल्प खर्चात मिळतात. चाळून बारीक भुकटी काढून टाकलेला कणीदार मुरूम किंवा भाजलेल्या विटांचे ज्वारीच्या ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे दोन भाग, जाळून काळे केलेले भाताचे तूस एक भाग आणि पूर्ण कुजलेले गांडूळखत अथवा शेणखत एक भाग, असे मिश्रण समाधानकारक ठरते. तूस इगतपुरी, घोटीकडील भात गिरण्यांतून मिळू शकते. ते पांढरी राख होईपर्यंत जाळू नये. काळे होताच पाणी मारून विझवावे. खडी क्रशरची कच वापरावयाची झाल्यास दोन-तीन पाण्यांनी धुऊन तिच्यातील पीठ काढून टाकणे आवश्यक आहे, कारण तेच पीठ तळाशी बसून सिमेंटसारखे आवळते. कोकोपीट रोपवाटिकेस हलके व सोयीचे पडते, मात्र पावसाळ्यात ते फार काळ ओले राहते. म्हणून बाजारातील कोकोपीटमध्ये आलेले रोप आणल्यावर महिनाभरात वरील मिश्रणात बदलावे.

मिश्रण योग्य झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे. कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओतावे. पाणी वर साचून न राहता लगेच खालच्या भोकातून वाहू लागले तर मिश्रण ठीक. ते वर तळ्यासारखे थांबले तर खर वाढवावी.

कुंडी गुच्छाच्या रुंदीपेक्षा दोन ते तीन सेंटिमीटरच मोठी असावी. झाड वाढेल म्हणून आरंभीच मोठी कुंडी घेण्याची पद्धत येथे अपायकारक ठरते, कारण मुळे जेथवर पोहोचत नाहीत ती माती ओलीच राहते. कुंभाराकडील भाजक्या मातीची उथळ कुंडी सर्वांत चांगली. डबे किंवा प्लॅस्टिकचे पेले वापरल्यास तळाशी निदान तीन भोके पाडावीत. तळात फुटक्या खापऱ्यांचा थर देण्याचा प्रघात आहे, पण मिश्रणच खरबरीत असेल तर त्याची आवश्यकता राहत नाही. भोकावर एक खापरी पुरे.

पाणी: केव्हा व किती

या वनस्पतींचे श्वासोच्छ्वासाचे वेळापत्रक इतर पिकांपेक्षा निराळे आहे. ऊस, कांदा, द्राक्ष ही पिके दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतील कार्बन डाय ऑक्साइड घेतात व त्या वेळी पुष्कळ पाणी वाफेच्या रूपाने गमावतात. मांसल वनस्पती दिवसा छिद्रे मिटून घेतात व रात्रीच्या थंडाव्यात उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने पानांत साठतो आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार होते. ही गोष्ट प्रथम लक्षात आणून देण्यात आपल्याकडील एका परिचित वनस्पतीचा वाटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रासकडे काम करणारे निसर्गशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान सकाळी चाखले असता आंबट, दुपारी बेचव व संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे नमूद केले. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पानफुटी गुरांस विषारी असल्याने ती त्यांच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी लावावी, हे ओघाने सांगणे इष्ट होय.

यावरून व्यवहारात दोन गोष्टी निष्पन्न होतात. रात्री थंड असतील तेव्हाच या वनस्पती खऱ्या अर्थाने वाढतात; म्हणून पाणी व खत देण्याचा मुख्य काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा होय. आणि वैशाखात रात्रीही उकाडा असताना एचेव्हेरिया जवळजवळ झोपी गेलेली असते. उन्हाळा म्हणजे जास्त पाणी, हा इतर पिकांचा नियम तिला लावल्यास ती मुळाशी कुजते. पाने थोडी सुरकुतली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

पाणी देताना भरपूर द्यावे, खालून निथळू द्यावे आणि नंतर मिश्रण पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा देऊ नये. रोज चमचाभर पाणी शिंपडण्याच्या सवयीने वरचा थर सदैव ओला व मुळे मात्र उपाशी राहतात. वाळले की नाही हे पाहण्यासाठी बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. काडीस ओल वा माती चिकटली तर थांबावे. सरावाने कुंडी नुसती उचलून वजनावरूनही अंदाज येतो. हिवाळ्यात साधारणपणे आठ ते दहा दिवसांनी, उन्हाळ्यात संध्याकाळी व थोडे, आणि पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरते. तथापि दिवस मोजण्यापेक्षा काडीवर विश्वास ठेवणे चांगले.

गुच्छाच्या मध्यभागी पाणी साचू देऊ नये. पाणी बाजूने, मातीवर द्यावे. एचेव्हेरियाच्या पानांवर पांढुरका थर असतो. द्राक्षमण्यांवरील अशाच थरास बागायतदार लस्टर म्हणतात व तो जपण्यासाठी घड हाताळताना किती काळजी घ्यावी लागते हे त्यांना ठाऊकच आहे. येथेही बोटांचे ठसे उमटलेले पान पुन्हा पूर्ववत होत नाही. रोप नेहमी कुंडीस धरून उचलावे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. अशा गावी पावसाचे पाणी पिंपात साठवून वापरावे.

पावसाळ्याची व्यवस्था

नाशिक शहराच्या आसपास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर इगतपुरीस त्याच्या कित्येक पट. येवला, नांदगावकडे तो पुष्कळच कमी. त्यामुळे एकच सल्ला सर्व तालुक्यांस लागू पडणार नाही. येवल्यात उघड्या अंगणात निभावलेले रोप घोटीस आठ दिवसांत कुजेल.

सर्वसाधारण उपाय म्हणजे वर पारदर्शक छप्पर व चारही बाजू मोकळ्या. द्राक्षबागेवर घालण्यात येणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिक कागदाचा जुना तुकडा धुऊन चार बांबूंवर उताराने बांधल्यास काम भागते. मात्र तो कागद धुळीने मळलेला किंवा पिवळा पडलेला नसावा, नाहीतर पाऊस अडविण्याच्या नादात प्रकाशही अडेल. पावसाच्या भीतीने कुंड्या घरात कोपऱ्यात नेऊन ठेवण्याची जी पद्धत आहे, तीच रोपे लांबविण्यास सर्वाधिक कारणीभूत ठरते. ढगाळ दिवसांत उजेड आधीच अपुरा. अशा वेळी पाणी जवळजवळ तोडून वाढच थांबविणे हा मार्ग उत्तम. भुकेले व तहानलेले रोप लांबत नाही. तीन आठवडे पाण्यावाचून ठेवलेली एचेव्हेरिया दसऱ्याच्या उन्हात पहिल्या पाण्याबरोबर पुन्हा भरून येते.

खत आणि वाढनियंत्रक

कुंडी बदलताना मिश्रणात घातलेले गांडूळखत वर्षभर पुरते. विद्राव्य खत द्यावयाचेच झाल्यास १९:१९:१९ हे खत एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम या प्रमाणात, ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान दोन वेळा द्यावे. द्राक्ष किंवा भाजीपाल्यास वापरतात ते प्रमाण येथे वापरू नये. युरिया तर कुंडीच्या जवळपासही आणू नये.

द्राक्षवेलीची पेरे आखूड ठेवण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाची फवारणी नाशिकच्या बागायतदारांच्या परिचयाची आहे. हे द्रव्य वनस्पतीतील जिबरेलिनची निर्मिती रोखते, म्हणून पेर वाढत नाही. साहजिकच कोणाच्या मनात येईल की तेच औषध या कुंड्यांवर का मारू नये. त्याची काहीही आवश्यकता नाही. ऊन व पाणी यांच्या मेळानेच जे साधते त्यासाठी औषध घरात आणणे अनुचित होय. शिवाय वाढनियंत्रकाने आखूड झालेले रोप ग्राहकाच्या घरी औषधाचा परिणाम ओसरताच लांबू लागते आणि विक्रेत्याची पत जाते. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत याच द्रव्याचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने निर्यातदार व बागायतदार यांना जो फटका बसला, तो जिल्ह्यातील शेतकरी अद्याप विसरलेले नाहीत.

कीड व कूज

पिठ्या ढेकूण हा द्राक्षबागायतदारांचा जुना शत्रू येथेही हजर असतो. गुच्छाच्या तळाशी वाळलेल्या पानांखाली व पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसतात आणि मुंग्यांची ये-जा सुरू होते. मुंग्या दिसल्या की ढेकूण शोधावा. खालची वाळलेली पाने वेळोवेळी काढून टाकल्यास त्याला लपण्यास जागाच उरत नाही. थोडी लागण असल्यास कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुंजके पुसून घ्यावेत. निंबोळी तेल परिणामकारक असले तरी त्याने पानांवरील पांढरा थर जातो, म्हणून विक्रीच्या एचेव्हेरियावर ते टाळावे. काही वेळा कीड मुळांवर असते व वरून फक्त झाड खुंटल्याचे दिसते. अशा वेळी रोप उपटून, मुळे धुऊन, चार दिवस सावलीत वाळवून नव्या मिश्रणात लावावे व जुने मिश्रण दूर फेकावे. बागेतील उरलेली कीटकनाशके घरातील कुंड्यांवर मारणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात गोगलगाई रात्री शेंडा कुरतडतात, त्या बॅटरीच्या उजेडात वेचून माराव्यात.

खालची पाने एकेक वाळून कागदासारखी होणे स्वाभाविक आहे. परंतु ती पाणीदार, पारदर्शक व पिवळी होऊन स्पर्शानेच गळत असतील, तर मूळ अथवा खोड कुजू लागले आहे असे समजावे. त्याच दिवशी रोप बाहेर काढून खोड धारदार, स्वच्छ चाकूने वरवर कापीत जावे. कापलेल्या भागावर काळा वा तपकिरी ठिपका दिसेनासा होईतो कापणे थांबवू नये. थोडीदेखील कूज शिल्लक राहिल्यास सर्व श्रम वाया जातात.

लांबलेल्या रोपाची दुरुस्ती

लांबलेले रोप टाकून देण्याचे कारण नाही. उलट त्यापासून चार-पाच रोपे मिळतात. गुच्छाखाली दोन ते तीन सेंटिमीटर खोड ठेवून शेंडा कापावा. जागा अरुंद असल्यास चाकूऐवजी मजबूत दोरा खोडाभोवती गुंडाळून आवळल्यानेही स्वच्छ काप मिळतो. कापलेला शेंडा रिकाम्या पेल्याच्या तोंडावर सावलीत, हवेशीर जागी पाच ते सात दिवस ठेवावा, म्हणजे जखम सुकून तिच्यावर कातडे धरते. ओल्या जखमेसह लावलेला शेंडा बहुधा कुजतो. नंतर कोरड्या मिश्रणावर बसवून, मुळांचे पांढरे टोक दिसू लागल्यावरच पहिले पाणी द्यावे. खाली राहिलेले बुंधे फेकू नयेत. काही आठवड्यांत त्यांवर नवी पिल्ले फुटतात.

मधली पाने हळुवार डावी-उजवीकडे हलवून बुडासकट सोडवून घ्यावीत. पान तुटले व त्याचे बूड खोडावरच राहिले तर त्याला मुळे येतील पण रोप येणार नाही. तीन-चार दिवस सुकवून मिश्रणावर नुसती पसरून ठेवावीत, पुरू नयेत. मुळे व बारीक गुच्छ दिसण्यास सर्वसाधारणपणे दोन ते आठ आठवडे लागतात. मूळ पान आपोआप सुकेपर्यंत तोडू नये, कारण बाळरोप त्याच्यावरच पोसले जाते. कोरफड व हावर्थिया यांची अभिवृद्धी मात्र पिल्लांपासूनच करावी. कोरफडीच्या कुंडीत पिल्लांची गर्दी झाली की मधला गुच्छ एका बाजूस ढकलला जाऊन वाकडा होतो. वर्षातून एकदा पिल्ले वेगळी करणे म्हणूनही आवश्यक आहे.

हे सर्व काम द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरात करावे. जानेवारीअखेरपर्यंत करण्यास हरकत नाही. मे-जूनमध्ये केलेल्या कापण्या निष्फळ जाण्याचा संभव अधिक असतो.

विक्रीसाठी रोपे करताना

बचत गटांनी आरंभी महागड्या, रंगीबेरंगी जातींच्या मागे लागू नये. दोन किंवा तीन काटक जातींची वीस-पंचवीस निरोगी मातृरोपे घेऊन एक संपूर्ण पावसाळा त्यांच्यावर काढावा. पावसाळ्यात ज्यांनी आकार टिकविला, त्यांचीच पुढे अभिवृद्धी करावी. एकाच आकाराची पन्नास रोपे विकणे सोपे, तर पन्नास जातींचे एकेक रोप विकणे कष्टाचे. ग्राहकास देताना रोपास किती तास ऊन लागते व पाणी केव्हा द्यावे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. घरी नेल्यावर महिनाभरात बिघडलेले रोप पुन्हा गिऱ्हाईक आणीत नाही. या वनस्पतींचा आणखी एक फायदा असा की मुळांवरील माती झाडून, दोन दिवस सुकवून, कागदात गुंडाळलेले रोप चार-पाच दिवसांचा प्रवास सहज सोसते. मुंबई-पुण्याकडे पाठविताना त्यामुळे मातीचे ओझे व भाडे वाचते.

पाठविण्यापूर्वी आठवडाभर पाणी बंद ठेवावे, कारण पाण्याने टरारलेली पाने पेटीत हिसका बसताच तुटतात. प्रत्येक गुच्छाभोवती मऊ कागदाची पट्टी देऊन रोपे एकमेकांस टेकतील अशी उभी भरावीत. पेटीस हवेसाठी भोके ठेवावीत. वैशाखातील दुपारच्या वाहनाने व ऐन आषाढातील ओल्या दिवसांत माल रवाना करू नये.